लेकीला आजच्या काळातला ऑपेराच गायचाय. जाणकारांनी सांगावं

चरईची आई

नमस्कार मंडळी. इथे कुंडीतल्या कढीपत्त्यापासून सोसायटीच्या लिफ्टपर्यंत सगळ्यावर धागे निघतात, तेव्हा हाही एक चालवून घ्या.

लेक बाविशीची आहे. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकली, गांधर्वची मध्यमा पूर्ण झालीय. कॉलेजात मैत्रिणीच्या नादाने तलावपाळीजवळच्या चर्चच्या क्वायरमध्ये जायला लागली आणि गाडीने रूळच बदलले. ट्रिनिटीच्या पाश्चात्त्य गायनाच्या परीक्षेची आठवी ग्रेड झाली, आता दर शनिवारी मुंबईला एका बाईंकडे शिकायला जाते. बाई म्हणतात, आवाज सोप्रानोचा आहे, म्हणजे बायकांतला सगळ्यात उंच, वर सहज फिरतो, नोटेशनही भराभर वाचते. इथवर आमची काही तक्रार नव्हती.

आता म्हणते, परदेशात जाऊन ऑपेराच शिकायचा आणि त्यातही आजच्या संगीतकारांचाच. घरात जे चालू असतं ते सांगते: कुजबुज, किंकाळी, मध्येच श्वास आत ओढल्याचा आवाज आणि मग एकदम असा सूर की मांडणीवरची भांडी वाजतील. परवा हे अंघोळ अर्धी टाकून बाहेर आले, कुणाला लागलं का बघायला. ही बया शांतपणे पेन्सिलीने कागदावर खुणा करत बसलेली.

विरोध नाहीये हो. मी बँकेत आहे, ह्यांचं वागळे इस्टेटला छोटं वर्कशॉप आहे. कर्ज काढावं लागलं तर काढू. पण हिशेबच लागत नाही. ह्यात पोट भरतं का? असं गाऊन गळा जातो का? आणि मनातलं विचारते, रागावू नका: मोझार्ट, पुच्चिनी जमत नाही म्हणून लोक इकडे वळतात, असं तर नसतं ना?

उगाच_उवाच

ताई, बायोडाटात 'गायनाची आवड' एवढंच लिहा, तपशील साखरपुड्यानंतर.

गंमत सोडा. आमच्या मजल्यावरचा पोरगा डेथ मेटल गायचा. आज ऐरोलीला आयटीत आहे, गळा शाबूत, केस मात्र गेले. पोरं लागतात कुठे ना कुठे.

बेलापूरकर

मी गाणारा नाही, ऐकणारा. रिटायर झाल्यापासून एनसीपीएला न्यूयॉर्कच्या मेट ऑपेराचे प्रयोग पडद्यावर दाखवतात ते बघायला जातो. तेवढ्या भांडवलावर दोन शब्द.

आजचं संगीत म्हणजे नुसतं किंचाळणं, असं नाही. फिलिप ग्लासचा 'सत्याग्रह' घ्या. १९८० साली रॉटरडॅमला पहिल्यांदा झाला. विषय गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं आणि गायचे शब्द भगवद्गीतेतले, तेही संस्कृतातच. मेटने तो २००८ साली केला. मी घरी रेकॉर्डिंग लावलं की बायको स्वयंपाकघरातून त्यांचे उच्चार दुरुस्त करते. ग्लास ऐकताना डुलकी लागेल, पण कान फाटणार नाहीत. दुसरं टोक म्हणजे थॉमस अॅडेसचा 'द एक्स्टर्मिनेटिंग एंजल'. त्यात २०१७ साली ऑड्री लूना हाय सीच्याही वरचा ए गायली. मेटच्या रंगमंचावर इतका उंच सूर आधी कुणी लावला नव्हता, अशी तेव्हा बातमीच झाली होती. म्हणजे मुलगी यातलं नेमकं काय गाणार, ते आधी विचारा.

नेरुळच्या ताई इथे असतात. त्या हे करून आल्यात, त्यांनी लिहावं.

नेरुळची सोप्रानो

बेलापूरकरकाका, हाक मारलीत म्हणून आले. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

चरईच्या ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. मोझार्ट जमत नाही म्हणून नव्या संगीताकडे वळणारे असतात. सुरुवातीची काही वर्षं दिसतात, मग दिसेनासे होतात. टिकतात त्या बायकांचा मोझार्ट चोख असतो. बार्बरा हॅनिगनचं नाव तुमच्या लेकीच्या तोंडी दिवसातून चारदा येत असेल. कॅनडाची, १९७१चा जन्म. ऐंशीहून जास्त नव्या रचना जगात पहिल्यांदा तिने गायल्यात. लिगेटी या संगीतकाराचं 'मिस्टरीज ऑफ द मकाब्र' ती स्वतःच कंडक्टर होऊन ऑर्केस्ट्रा चालवत चालवत गाते. जॉर्ज बेंजामिनच्या 'रिटन ऑन स्किन' या ऑपेराची नायिका तर तिचा आवाज कानात ठेवूनच लिहिलेली. २०१२ साली फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हान्सच्या महोत्सवात तिनेच ती पहिल्यांदा उभी केली. पण याच बाईने ब्रसेल्सला मोझार्टच्या 'डॉन जोव्हान्नी'मधली डॉना अॅनाही गायलीय. लेकीला हे ऐकवा. 'मोझार्ट सगळेच गातात' असं ती म्हणत असेल (बाविशीत मीही म्हणायचे), तर त्यावरचा उतारा हाच.

आता या कामाला माणूस घेतात ते काय बघून? आवाज लागतोच, पण फोन येतो तो 'ही तयार होऊन येते' या एका ख्यातीवर. जर्मनीत शिकून झाल्यावर मी एका थिएटरात जादा कोरसमध्ये गात होते. एका छोट्या एन्सेम्बलची, म्हणजे मोजक्या वादकांच्या संचाची, गायिका आजारी पडली. प्रयोग तीन आठवड्यांवर, स्कोअर (लिहिलेलं संगीत) नवा, आधी कुणी गायलेलाच नाही, त्यामुळे ऐकायला रेकॉर्डिंग नाही. त्यांनी फोन केला तो मला स्कोअर वाचता येतो हे त्यांच्या पियानोवाल्याला माहीत होतं म्हणून. गळा माझ्यापेक्षा चांगला असलेल्या निदान चारजणी त्याच कोरसमध्ये होत्या.

पाठ कसं करायचं तेही सांगते, म्हणजे घरात काय चाललंय ते कळेल. सूर सगळ्यात शेवटी. आधी टेबलावर हाताने मात्रा धरून नुसता ताल बोलायचा; दर दोन मापांनी (आपल्या भाषेत आवर्तनांनी) ताल बदलतो, पाचाचे सात, साताचे तीन. मग त्याच तालात शब्द. मग 'माझा सूर मला देणार कोण' हे शोधायचं. सोप्रानो प्रवेश करते तेव्हा ऑर्केस्ट्रात तिचा सूर बहुधा कुणीच धरलेला नसतो. मग मागे मागे जायचं. तीन मापं आधी हॉर्नने तो खालच्या सप्तकात वाजवलेला असतो, त्याला हिरव्या पेन्सिलीने गोल करायचा आणि मधली तीन मापं तो डोक्यात जिवंत ठेवायचा. कुणीच दिला नसेल तर ट्यूनिंग फोर्क, एकच ठरलेला सूर देणारा धातूचा चिमटा. मी तो मुठीत लपवून गुडघ्यावर आपटायचे आणि केस सावरल्यासारखं करून कानामागच्या हाडाला लावायचे. प्रेक्षकांना वाटतं अभिनय चाललाय. तुमची लेक पेन्सिल घेऊन बसते ना? मग ती नाद करत नाहीये, काम करतेय.

इथे शास्त्रीय गाणाऱ्या मुलींची एक अडचण होते आणि एक सोय. अडचण षड्जाची. आपला कान तानपुऱ्यावर पोसलेला असतो, कुठलाही सूर आपण 'सा'पासून किती लांब म्हणून ओळखतो. विसाव्या शतकातल्या शेनबर्ग या संगीतकारानंतरच्या बऱ्याच संगीतात 'सा'च नाही, बारा सूर सारखे. पहिलं वर्षभर माझं मन प्रत्येक ओळीत चोरून एखादा षड्ज बसवायचं आणि पुढच्या मापात तोंडावर पडायचं. सोय अशी की पाव सुराचं लिखाण आलं की तिकडच्या मुली घाबरतात, आपल्याला अतिकोमल ऋषभ ऐकून माहीत असतो. मींडेचा हात बसलेला असतो. ताल तर विचारूच नका. साडेनऊ मात्रांचा तुकडा मी हातावर टाळी-खाली धरून बसवला, तर कंडक्टर मध्यंतरात विचारायला आला की हे काय होतं.

उंचीचंही बघा. समजा लेकीचा सा काळी चार. तिथून तार पंचमापर्यंत ती आपल्या गाण्यात गेली असेल. सोप्रानोचा हाय सी त्याच्याही वर पाऊण सप्तक आहे. काकांनी लिहिलेला ऑड्री लूनाचा सूर त्याच्या वर आणखी पाऊण सप्तक. ते सगळ्यांचं काम नाही आणि लागतही नाही. पण त्या पट्टीत माइकशिवाय ऑर्केस्ट्रा भेदून जायचं तर आवाज लावायची रीतच वेगळी, ती शिकायला पाच-सहा वर्षं जातात. ती बसल्याशिवाय किंकाळ्यांना हात लावायचा नाही.

गळा जातो का? चुकीच्या तंत्राने गायलं तर पुच्चिनीचा 'ला बोएम' गाऊनही जातो. जेन मॅनिंग नावाची इंग्लिश सोप्रानो होती, १९३८चा जन्म, २०२१ साली गेली. तिने तीनशेहून अधिक नव्या रचना पहिल्यांदा गायल्या आणि सत्तरीपर्यंत गात राहिली. खरा धोका तालमीत असतो. संगीतकार समोर बसलेला, त्याला ती किंकाळी पुन्हा ऐकायची असते, आणि पुन्हा. तिथे 'आज मी अर्ध्या आवाजात करणार, पूर्ण उद्या' म्हणायला शिकावं लागतं. दुसरं, जिवंत संगीतकाराशी बोलता येतं. वरच्या पट्टीत तोंड इतकं उघडावं लागतं की इ आणि अ वेगळे ऐकूच येत नाहीत, शब्द विरतात. हे शरीराचं शास्त्र आहे, गाणारीचा आळस नाही. एकाने मला अगदी टिपेच्या सुरावर सबंध वाक्य लिहून दिलं होतं. त्याला म्हटलं, हे वाक्य कळायला हवं असेल तर चार सूर खाली आण, नको असेल तर नुसता 'आ' दे. त्याने खाली आणलं. मोझार्टला असं सांगता येत नाही, या कामातली मजा ती हीच.

आता पोट. ताई, बँकेतल्या माणसाला पटेल असं सांगते. 'ला बोएम'मधली मिमी एकदा पाठ केली की वीस वर्षं विकता येते. नवा ऑपेरा चार-पाच महिने खाऊन पाठ होतो, तीन-चार प्रयोग होतात आणि बहुतेक वेळा पुन्हा कधीच होत नाही. भांडवल दर वेळी शून्यातून. उलट बाजूही आहे: मिमीवाली आजारी पडली तर संध्याकाळच्या गाडीने दुसरी येते, नव्या ऑपेरातली भूमिका जगात एकीलाच पाठ असते. त्यामुळे एकदा विश्वास बसला की त्याच पाच-सहा जणींना सगळीकडून फोन. दार उघडायला फार वेळ लागतो, उघडलं की पटकन बंद होत नाही. मात्र तापातही गावं लागतं.

मी त्या काळात कशावर जगले? रविवारी चर्चमध्ये बाखच्या कँटाटा, थिएटरात जादा कोरस, लहान मुलांच्या शिकवण्या. आणि अंत्यविधीला गाणं, त्याचे पैसे रोख आणि त्याच दिवशी. नव्या संगीताचे पैसे यायचे, पण उशिरा. एका संस्थेकडची बिदागी दीड वर्षाने आली, तीही चार पत्रं लिहिल्यावर, आणि त्यातून तालमींचे पैसे गायब. आज नेरुळला शिकवते, वर्षातून एखाद-दोन कामं युरोपात करते. कुर्ताग या संगीतकाराचे 'काफ्का फ्रॅगमेंट्स' मी इथल्या एका व्हायोलिनवाल्याबरोबर बसवले: चाळीस तुकडे, तासाभराचा कार्यक्रम, एक सोप्रानो आणि एक व्हायोलिन. दोनच माणसं लागतात म्हणून परवडलं. तालमी माझ्या हॉलमध्ये. त्यातले काही तुकडे दहा-पंधरा सेकंदांत संपतात, त्यात मी एकदा ओरडते. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा खुर्ची घेऊन बसले.

कुणी आपल्यातलं तिथवर पोचलंय का म्हणाल, तर पॅट्रिशिया रोझारिओ. जन्म मुंबईचा, शिक्षण लंडनला. जॉन टॅव्हनर या संगीतकाराने एकट्या तिच्या आवाजासाठी तीसहून अधिक रचना लिहिल्या. २००९पासून 'गिव्हिंग व्हॉइस' या संस्थेमार्फत ती भारतात येऊन मुलामुलींना शिकवते. लेकीच्या बाईंना याबद्दल नक्की माहीत असेल, विचारा.

कोपरखैरणेचा टेनर

नेरुळच्या ताईंना साष्टांग. मी जर्मनीत दोन वर्षं शिकून परत आलो, आता दिवसा नोकरी आणि संध्याकाळी क्वायर. दुःख नाही. पैशांचं तेवढं सांगतो, ताई कलाकार आहेत, त्या विसरतात.

सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत फी नाही, फक्त सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क. मोठा अपवाद बाडेन-व्युर्टेम्बर्ग: युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो. व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायची रक्कम सप्टेंबर २०२४पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने अकरा लाखांच्या मागेपुढे. ती तिथे गेल्यावर महिन्याला ९९२च्या हप्त्याने परत मिळते, खर्चाला तीच. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं. आणि स्वतंत्र कलाकार म्हणून बस्तान बसलं तर कलाकारांच्या सामाजिक विम्यात आपण अर्धाच हप्ता भरायचा, नोकरदारासारखा. आपल्याकडे नाटकवाल्यांना हे सांगितलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

भाषा आत्तापासून. काळा घोड्याचं मॅक्स म्युलर भवन लांब पडतं, पण ऑनलाइन वर्गही आहेत. प्रवेशपरीक्षेला आवाज पसंत पडून जर्मन कच्चं म्हणून लटकलेला मुलगा मी पाहिलाय.

चरईची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांना वाचून दाखवलं. ११,९०४ ऐकून गप्प झाले, पण हप्त्याने परत मिळतात म्हटल्यावर पुन्हा चहा मागितला.

लेकीने मागून वाचलं आणि तिचं म्हणणं असं: मग थेट नव्या संगीताच्याच कोर्सला अर्ज का करू नये? तशा पदव्या आहेत म्हणे. फ्रँकफर्ट, बाझल अशी नावं घेतली. आणि परीक्षेला एखादी अवघड आधुनिक गोष्ट गाऊन दाखवली तर छाप पडणार नाही का? ती शेनबर्गच्या 'पिएरो ल्युनेअर'मधलं काहीतरी तयार करतेय.

नेरुळची सोप्रानो

त्या पदव्या मास्टर्सच्या, आधी पक्कं गाणं शिकून आलेल्यांसाठी. तिथे जायचंच आहे, पण चार-पाच वर्षांनी. आधी साधी गायनाची पदवी. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहं आहेत. तिथे ऑडिशनला आधी मोझार्टच मागतात, मग काहीतरी जर्मन, मग विसाव्या शतकातलं एखादं. डार्मश्टाटला १९४६पासून नव्या संगीताचे उन्हाळी वर्ग भरतात, तिथे विद्यार्थी असताना जायचं, ओळखी तिथेच होतात. तुमच्या लेकीच्या वयाचे संगीतकार तिथे भेटतील, त्यांचं फुकट गायचं. पुढे त्यातलाच एखादा मोठा होतो आणि फोन करतो. माझी निम्मी कामं अशाच एकाकडून आली.

'पिएरो' परीक्षेला नको. १९१२ साली ते पहिल्यांदा केलं ती आल्बर्टीने त्सेमे मुळात नटी होती. त्यात सुरांच्या दांड्यांवर फुल्या मारलेल्या असतात: सूर लावायचा आणि लगेच सोडून बोलण्याकडे वळायचं. म्हणजे परीक्षकांना तिचा खरा आवाज ऐकूच येणार नाही, आणि पहिल्या वर्षाला त्यांना तेवढंच ऐकायचं असतं. एक जुनी इटालियन आर्या (ऑपेरातलं एकटीने गायचं गाणं), एक मोझार्टची, एक शूबर्ट किंवा शूमानचं गाणं. आधुनिक हवंच असेल तर बेर्गच्या सुरुवातीच्या सात गाण्यांतलं एखादं, त्यात नवेपणही आहे आणि आवाजही उघडतो. बाईंना विचारूनच ठरवा, मी तिला ऐकलेलं नाही.

आणखी एक. अर्ज करण्याआधी तिथल्या गुरूंना ईमेल करून एक ट्रायल लेसन मागायचा, ऑनलाइन का होईना. विद्यापीठाच्या नावापेक्षा पुढची चार वर्षं आपण कुणाच्या हातात गळा देतोय ते महत्त्वाचं. नव्या संगीताला नाक मुरडणारे गुरू भरपूर आहेत, तसलाच भेटला तर लेक दोन वर्षांत परत येईल.

पहिल्या फेरीला बहुतेक ठिकाणी व्हिडिओ मागतात. घरात करू नका. चरईत एक मिनिटही हॉर्नशिवाय जात नाही आणि फरशीच्या खोलीत सोप्रानो कर्कश वाटतो. चर्चच्या फादरना विचारा, क्वायरमधली मुलगी म्हणून दुपारचा तासभर देतील. पियानो वाजवायला खरा माणूस, कराओके ट्रॅक नाही. फोन चालेल, पण गाणारीपासून दहा-बारा फूट लांब, नाहीतर वरच्या सुरांना आवाज फाटतो. मध्ये कापाकापी नाही, एक गाणं एका दमात. चर्च मिळालं नाही तर कळवा, नेरुळला ओळखीचा एक हॉल आहे. तिथे रेकॉर्डिंगला पंखे बंद करावे लागतात आणि एप्रिलनंतर बसवत नाही, शिवाय बऱ्याच अर्जांची मुदत मार्च-एप्रिलमध्येच संपते, तेव्हा फेब्रुवारीत उरका.